चलन गाडीचं की चालवणाऱ्याचं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

थकीत ई-चलनांच्या बातम्या आपल्या अंकात वरचेवर येतात. किती कोटींची थकबाकी, किती गाडीमालकांना नोटिसा, लोकअदालतीत किती प्रकरणं निकाली. या बातम्या हव्यातच. पण त्या थकबाकीत नो-पार्किंगची चलनं किती आणि लाल सिग्नल तोडल्याची, राँग साइडने घुसल्याची किती, हे कधी वाचायला मिळत नाही. सगळ्यांची बेरीज एकच. मी साताऱ्यात मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवते. सगळी चलनं एकाच मापाने मोजल्यामुळे लोकांच्या डोक्यात काय घोळ झालाय, ते मला रोज ऐकायला मिळतं.

घोळ असा की, चलन म्हणजे लाइट बिल. मोबाइलवर येतं, थकतं, कधीतरी सवलत जाहीर होते, तेव्हा भरून टाकायचं, विषय संपला. शिकायला येणारी कॉलेजची मुलं सरळ म्हणतात, "मॅडम, पाचशेच तर आहेत." पाचशे कशाचे, ते कोणी बघत नाही. मेसेजमध्ये कलम लिहिलेलं असतं, पण नजर जाते ती रकमेवर.

नो-पार्किंगमध्ये लावलेली गाडी उभी असते. तिच्यामुळे रस्ता अडतो, लोकांना मनस्ताप होतो, टोइंगवाले उचलून नेतात. पण त्या वेळी तिच्या स्टेअरिंगवर कोणी नसतं. सिग्नल तोडताना, घाटाच्या वळणावर ओव्हरटेक करताना, एका हातात मोबाइल धरून चालवताना गाडी चालती असते, आणि तिथे गुन्हा करतो तो चालवणारा. तिसरा प्रकार कागदांचा: इन्शुरन्स संपलेला, पीयूसी नाही, नंबर प्लेटवर नंबराऐवजी दादाचं नाव. हे तीन प्रकार एका यादीत, एका रंगात, एकाखाली एक येतात आणि माणूस खालची एकूण रक्कम तेवढी वाचतो.

ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत त्यांनी 'मूव्हिंग व्हायोलेशन', म्हणजे चालत्या गाडीतला गुन्हा, हे शब्द ऐकले असतील. तिथे पार्किंगचं तिकीट म्हणजे साधारणपणे नुसता दंड. चालत्या गाडीतला गुन्हा मात्र चालकाच्या नोंदीत जातो, बऱ्याच राज्यांत त्याचे दंडाचे पॉइंट लायसन्सवर चढतात आणि इन्शुरन्सचा हप्ता वाढतो. कॅलिफोर्नियात १२ महिन्यांत ४ पॉइंट झाले की लायसन्स धोक्यात येतं. ब्रिटनमध्ये ३ वर्षांत १२ झाले की गाडी चालवायला बंदी. दुबईत २४ ब्लॅक पॉइंटची हद्द आहे, आणि आपलीच माणसं तिथे ती सांभाळून ट्रक-टॅक्सी चालवतात.

आपल्या कायद्यात असं वेगळं नाव नाही, पण फरक आहे आणि तो चांगला ठसठशीत आहे. मोटार वाहन कायदा १९८८ चा. २०१९ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली आणि आपल्याकडे वाढीव दंड डिसेंबर २०२१ मध्ये आले. दंडाच्या आकड्यांवरून तेव्हा बरीच ओरड झाली. कलम २०६ च्या चौथ्या पोटकलमाकडे मात्र फार कोणी पाहिलं नाही. तिथे काही कलमांची यादी आहे. १८३ वेगमर्यादा ओलांडणं. १८४ धोकादायक चालवणं. १८५ दारू पिऊन चालवणं. १८९ रस्त्यावर शर्यत लावणं. १९० सदोष किंवा प्रदूषण करणारी गाडी रस्त्यावर आणणं. १९४ सी ट्रिपल सीट, १९४ डी हेल्मेट नसणं, १९४ ई रुग्णवाहिकेला किंवा अग्निशमनाच्या गाडीला वाट न देणं. यांपैकी गुन्हा झाला असं पोलीस अधिकाऱ्याला सकारण वाटलं तर त्याने चालकाचं लायसन्स ताब्यात घेऊन लायसन्स अधिकाऱ्याकडे पाठवायचं, अपात्रतेच्या किंवा रद्द करण्याच्या कारवाईसाठी. ते परत मिळायच्या आधी रिफ्रेशर ट्रेनिंग कोर्स पूर्ण करायचा. नो-पार्किंगचं कलम १२२ या यादीत नाही. मी ही यादी क्लासच्या भिंतीवर लावली आहे, रस्त्यावरच्या चिन्हांच्या तक्त्याशेजारी, कारण परीक्षेत चिन्हं विचारतात आणि ही यादी कोणी विचारत नाही.

त्यातलं १८४ सगळ्यांनी एकदा नीट वाचावं. पूर्वी 'धोकादायक चालवणं' म्हटलं की वाद व्हायचा, धोकादायक कुणाच्या मते? २०१९ मध्ये कायद्यानेच ते खुलासेवार सांगितलं: लाल सिग्नल तोडणं, थांबा चिन्ह न पाळणं, चालवताना हातात मोबाइल धरून वापरणं, नियम मोडून ओव्हरटेक करणं, वाहतुकीच्या उलट दिशेने गाडी घालणं, आणि सावध, जाणत्या चालकाकडून जी अपेक्षा असते तिच्यापेक्षा फारच खालच्या दर्जाचं चालवणं. पहिल्या गुन्ह्याला ६ महिने ते १ वर्ष कैद, किंवा १,००० ते ५,००० दंड, किंवा दोन्ही. ३ वर्षांच्या आत पुन्हा केलं तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १०,००० दंड, किंवा दोन्ही. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे: १८४ मधला फक्त मोबाइलचा गुन्हा जागेवर किंवा ॲपवर तडजोड शुल्क भरून मिटवता येतो. बाकीचे १८४ खाली लावले तर कोर्टातच जातात.

लावले तर, असं म्हणते, कारण तोच लाल सिग्नल कलम ११९ आणि १७७ खालीही लावता येतो, म्हणजे वाहतूक चिन्ह न पाळल्याचा साधा गुन्हा, पहिल्यांदा ५०० आणि पुन्हा १,५००. एकच चौक, एकच कृती. एका कलमात ती नो-पार्किंगच्या पंक्तीत बसते आणि दुसऱ्या कलमात लायसन्सवर येते. म्हणून मी मुलांना सांगते, रक्कम नंतर बघा, आधी कलम वाचा. रकमेवरून गुन्ह्याचं वजन कळत नाही. याचं उलटं उदाहरण पीयूसीचं. लोक त्याला कागदाचा किरकोळ विषय समजतात, पण कलम १९० च्या दुसऱ्या पोटकलमाखाली कारवाई झाली तर कायद्यात १०,००० पर्यंत दंड आहे आणि ३ महिने लायसन्स अपात्र. सीट बेल्टच्या कलमात अपात्रता नाही, हेल्मेटच्या कलमात ३ महिन्यांची आहे. या सगळ्याला एका ओळीचा नियम नाही, वाचूनच घ्यावं लागतं.

आता "भरून टाकलं, विषय संपला" याबद्दल. कलम २०० तडजोडीचं. त्यातही २०१९ मध्ये दोन वाक्यं वाढवली आहेत. एक, तडजोड शुल्क भरलं तरी तो गुन्हा 'आधी केलेला गुन्हा' म्हणून धरला जाईल, म्हणजे पुढच्या वेळी तुम्ही दुसऱ्यांदा गुन्हा करणारे ठरता. दोन, शुल्क भरल्यामुळे २०६ च्या त्या लायसन्सच्या कारवाईतून आणि रिफ्रेशर कोर्समधून सुटका होत नाही. वेगमर्यादेच्या कलमात तर दुसऱ्या गुन्ह्याला लायसन्स जप्त करा असंच लिहिलेलं आहे. कायदा करणाऱ्यांना माहीत होतं की पैसेवाला माणूस दंड भरत राहील आणि तसाच चालवत राहील. त्यांनी ती वाट बंद केली होती.

ती पुन्हा उघडली कॅमेऱ्याने. नाक्यावर हवालदाराने थांबवलं की तो लायसन्स मागतो, समोर माणूस असतो, गुन्हा त्या माणसाचा होतो. कॅमेऱ्याला माणूस दिसत नाही, नंबर प्लेट दिसते. नंबरावरून मालक सापडतो, मालकाच्या मोबाइलवर मेसेज जातो, मालक कधीतरी पैसे भरतो. चालवणारा या साखळीत कुठेच नाही.

माझ्याकडे गेल्या हंगामात एक बाई आल्या, पन्नाशीच्या. कच्चं लायसन्स काढायचं होतं. फॉर्म भरताना त्यांनी मोबाइल पुढे केला, "हे जरा बघा हो, यामुळे काही अडणार नाही ना?" स्क्रीनवर चलनांची रांग. वरची दोन नो-पार्किंगची. खाली महामार्गावरची वेगाची, एकाखाली एक, प्रत्येकाला फोटो. फोटोत पांढरी गाडी मागून घेतलेली, नंबर स्वच्छ वाचता येतोय, काचेतून आत काहीच दिसत नाही. गाडी बाईंच्या नावावर, कारण कर्ज त्यांच्या नावाने काढलेलं. चालवतो मुलगा, कधी भाचा, लग्नसराईत एक बदली ड्रायव्हर. बाईंनी आयुष्यात स्टेअरिंगला हात लावला नव्हता आणि सरकारच्या दफ्तरी त्या वेगाने गाडी हाकणाऱ्या ठरल्या होत्या. "कोण होतं ते आता कसं सांगू, मावशी?" असं भाचा म्हणाला म्हणे. त्याचंही बरोबर, मेसेज कितीतरी उशिरा आलेला.

ही एक बाजू झाली. दुसरी बाजू मला जास्त भिववते. माझ्याकडून पक्कं लायसन्स काढून गेलेला एक मुलगा टेम्पोवर आहे. हात चांगला, पण कानाला मोबाइल. आज एका व्यापाऱ्याचा टेम्पो, पुढच्या महिन्यात दुसऱ्याचा. प्रत्येक मालकाला मोबाइलचं नाही तर राँग साइडचं चलन आलंय, कोणी पगारातून कापलं, कोणी कामावरून काढलं. त्याचे गुन्हे तीन-चार गाड्यांच्या नंबरांवर विखुरलेत आणि लायसन्सवर एक ओरखडाही नाही. तो नवीन मालकाकडे जातो तेव्हा मालक लायसन्स बघतो, लायसन्सच्या 'सारथी' या सरकारी पोर्टलवर खात्री करतो, सगळं कोरं. मालकाला कळायचं कसं? आणि सकाळी शाळेत निघालेल्या मुलांना?

याला कायद्यात उत्तर नाही असं नाही. कलम १३३ म्हणतं की, अधिकृत पोलीस अधिकाऱ्याने मागितलं तर गाडी त्या वेळी कोण चालवत होतं, त्याचं नाव, पत्ता, लायसन्स ही सगळी माहिती मालकाने द्यायला हवी. म्हणजे दंड मालकाकडून उकळून थांबा असं कायदा म्हणत नाही, चालकापर्यंत जा म्हणतो. त्यासाठी वेळेचंही बंधन आहे. १८३ आणि १८४ मध्ये शिक्षा व्हायची तर त्या माणसाला जागच्या जागी ताकीद दिलेली असावी, किंवा १४ दिवसांत त्याला अथवा मालकाला नोटीस, किंवा २८ दिवसांत समन्स, असं कलम २०९ सांगतं. कॅमेऱ्याच्या चलनांसाठी २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत नियम १६७ ए आला, त्यातही १५ दिवसांत नोटीस पाठवायला सांगितलं होतं. पंधरा दिवसांत विचारलं तर घरात आठवतं, मंगळवारी वाईला कोण गेलं होतं. सहा महिन्यांनी विचारलं तर कोणालाच आठवत नाही, आणि आठवलं तरी कोणी सांगत नाही.

पोलिसांना दोष द्यायला मी हे लिहीत नाही. भर उन्हात पोवई नाक्यावर उभं राहणारी माणसं मी रोज बघते. कॅमेरा नको असंही माझं म्हणणं नाही. खंबाटकी घाटात कॅमेरा किंवा इंटरसेप्टर (वेग मोजणारी पोलिसांची गाडी) असेल असं नुसतं वाटलं तरी गाड्या दमाने घेतात, हे मी शिकाऊ गाडीत बसून पाहिलंय. माझं म्हणणं पुढच्या पायरीबद्दल आहे. गाड्यांची नोंद 'वाहन'मध्ये आहे, लायसन्सची 'सारथी'मध्ये, दोन्ही देशभरच्या नोंदवह्या सरकारच्याच हातात. चलनाच्या पानावर पैसे भरायच्या आधी एक प्रश्न यावा: गाडी कोण चालवत होतं? मालकाने लायसन्स नंबर टाकावा, त्या माणसाच्या मोबाइलवर ओटीपी जावा, त्याने मान्य केलं की नोंद त्याच्या लायसन्सवर. नाकारलं तर तक्रार, सुनावणी. हे फक्त चालत्या गाडीतल्या गंभीर गुन्ह्यांना करावं: वेग, लाल सिग्नल, मोबाइल, राँग साइड. नो-पार्किंगला आणि फॅन्सी नंबर प्लेटला मालक पुरेसा आहे.

लोक आजोबांचं लायसन्स पुढे करतील, हा आक्षेप मला माहीत आहे, माझ्या नवऱ्यानेच तो पहिला घेतला. करतील काही जण. पण आजोबांच्या लायसन्सवर दुसऱ्यांदा वेगाचा गुन्हा चढला की तेही जप्त होणार. शिवाय खोटं नाव देणं हा वेगळा गुन्हा होईल, आज तर खरं नाव देण्याचीही गरज पडत नाही. ट्रॅव्हल्सवाले आणि टेम्पोमालक तर हे आनंदाने करतील, कारण आज दुसऱ्याच्या बेफिकिरीचे पैसे तेच भरतात. त्यांच्याकडे कोणत्या दिवशी कोण ड्युटीवर होतं याची वही असतेच.

लोकअदालतीबद्दल थोडं कडू बोलते. थकलेल्या नो-पार्किंगमध्ये सवलत द्या, माझी काही हरकत नाही. कागदांच्या चलनात द्या, त्याने कागद दाखवले तर. पण राँग साइडने गाडी घातल्याचं चलन कमी पैशांत मिटवून घरी पाठवणं मला पटत नाही. अशा माणसाकडून पैसे कमी घेतले तरी चालतील, त्याचं लायसन्स ३ महिने घरात बसलं पाहिजे आणि तो रिफ्रेशर कोर्सला आला पाहिजे. मला त्यातून विद्यार्थी मिळतील म्हणून म्हणते असं कोणाला वाटलं तर वाटू दे.

इन्शुरन्सच्या बाबतीतही हाच धोका समोर आहे. विमा नियामकाच्या कार्यगटाने २०२१ मध्ये सुचवलं होतं की वाहतूक गुन्ह्यांना पॉइंट देऊन त्यावर हप्ता ठरवावा. दारू पिऊन चालवण्याला १००, चुकीच्या पार्किंगला १०. गुन्ह्यांची प्रत वेगळी धरली, हे फार चांगलं. पण जादा हप्ता भरायचा गाडीच्या नोंदणीकृत मालकाने. पुन्हा तेच. माझ्या त्या बाईंचा हप्ता वाढेल आणि टेम्पोवाल्या मुलाला समजणारही नाही.

वाचकांनी आपल्या हातात आहे तेवढं तरी आज करावं. चलन आलं की फोटो मोठा करून बघा, तारीख-वेळ बघा, कलम वाचा. ११२-१८३ (वेगमर्यादेचं) किंवा १८४ दिसलं तर घरात विचारा, चालवत कोण होतं, आणि त्याच्यासमोर ते वाचून दाखवा. गाडी आपली नसेल, नंबर चुकला असेल, तर भरून मोकळे होऊ नका, तक्रार नोंदवायची सोय आहे ती वापरा, कारण भरलेलं चलन पुढे 'आधीचा गुन्हा' म्हणून उभं राहू शकतं. गाडी विकली असेल तर २९ आणि ३० नंबरचे फॉर्म भरून नाव बदललं का, याची स्वतः खात्री करा. विकणाऱ्याने हस्तांतर १४ दिवसांत कळवायचं असतं. एजंटाने "होऊन जाईल" म्हटलं आणि वर्षानंतर अनोळखी माणसाच्या वेगाची चलनं आली, अशी माणसं माझ्याकडे सल्ला विचारायला येतात.

आपल्याला माझी विनंती साधी आहे. पुढच्या वेळी थकबाकीची बातमी कराल तेव्हा आपल्या बातमीदाराने कलमवार आकडे मागावेत. १२२ ची किती, १८३ ची किती, १८४ ची किती, आणि या वर्षात आपल्या जिल्ह्यात त्यांपैकी किती लायसन्स प्रत्यक्ष निलंबित झाली. कोटींच्या आकड्याशेजारी हा आकडाही छापा. परिवहन खात्याला विनंती आहे की चलनाच्या मेसेजमध्ये रकमेच्या आधी दोन शब्द यावेत, 'चालकाचा गुन्हा' किंवा 'मालकाचा गुन्हा', मराठीत, ठळक.

कळावे,
आपली विश्वासू,
मोटार ड्रायव्हिंग स्कूलची एक संचालिका, सातारा